पोफळीचा सांभाळ : कोयना जलविद्युत केंद्राच्या परिरक्षण विभागाची वाटचाल

कोयनेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. धरण कसे बांधले, सह्याद्री कसा पोखरला, 1967 च्या भूकंपात काय घडले, 1999 साली जलाशयाच्या तळाखालचा खडक फोडून पाणी कसे घेतले, या सगळ्याच्या नोंदी आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण यंत्र बसवायला दोन-तीन वर्षे पुरतात. ते चालवायचे असते त्याच्या दसपट-वीसपट काळ. तो काळ ज्यांनी निभावला त्यांचा इतिहास लॉगबुकांत, परमिटांच्या पुस्तकांत आणि निवृत्त फिटर मंडळींच्या आठवणींत विखुरलेला राहतो. त्यावर ना कोनशिला बसते, ना फीत कापली जाते. या स्मरणिकेत परिरक्षण विभागाला स्वतंत्र पाने मिळाली, तेव्हा त्या पानांत काय यावे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती : काम. पदाधिकाऱ्यांची यादी आणि बदल्यांच्या तारखा कार्यालयात मिळतील. काम मात्र लिहून ठेवले नाही तर हातांबरोबर निघून जाते.

थोडी पार्श्वभूमी मात्र हवी. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणापासून कोकणचा कडा जवळ आहे. पाणी पूर्वेला न सोडता डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेले, तर ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते. ही जागा टाटांच्या अभियंत्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच हेरली होती. प्रत्यक्ष काम स्वातंत्र्यानंतर सरकारने हाती घेतले. 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, त्यामागे शिवसागर पसरला, आणि 1962 साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातला पहिला संच फिरला. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांचे मिळून आठ संच त्या एकाच गुहेत आहेत. पुढे अलोऱ्याला तिसरा टप्पा, डोंगरातच चौथा टप्पा आणि धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह. सगळे मिळून सुमारे 1,960 मेगावॉट. 1960 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने हे केंद्र सांभाळले. 6 जून 2005 पासून मंडळाचे विभाजन होऊन ते महानिर्मितीकडे आले. शिवसागराच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांच्या त्यागावर हे सगळे उभे आहे. त्यांच्या पुनर्वसनाची हेळसांड हा आपल्या राज्याच्या इतिहासातला दुखरा भाग आहे, आणि केंद्राच्या कोणत्याही इतिहासात तो गाळून चालणार नाही.

आता कामाकडे.

कोयनेची पहिली अडचण भूगोलाची. पाणी आत घेण्याची व्यवस्था वर, सातारा जिल्ह्यात, नवजाच्या बाजूला. टर्बाइन खाली, रत्नागिरी जिल्ह्यात, पोफळीला. मधे कुंभार्ली घाट. जलाशयातून निघालेले पाणी पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातून येते, आपत्कालीन झडपांच्या बोगद्यातून पुढे सरकते आणि चार दाबविहिरींतून खाली कोसळते. एका दाबविहिरीवर दोन संच. म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराची तपासणी करायची तर दोन संच एकदम बंद ठेवावे लागतात. बोगद्याला हात लावायचा तर आठही. वरची झडप बंद करणारा माणूस आणि खाली टर्बाइन पिटमध्ये उतरणारा माणूस एकमेकांना दिसत नाहीत, त्यांचे आवाजही एकमेकांना ऐकू जात नाहीत. पावणेपाचशे मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे 47 किलो भरतो. अशा दाबाच्या पलीकडे माणूस उभा करायचा असेल, तर त्याच्या जिवाची हमी कागदावरच द्यावी लागते. त्या कागदाचे नाव परमिट.

परमिटची पद्धत साऱ्या वीज केंद्रांत असते. भूमिगत केंद्रात मात्र तिला धर्मासारखे पाळावे लागते. संच थांबवला, मुख्य झडप बंद केली, तिचे सील लागले, झडप उघडणारे दाबाचे तेल तोडले, कुलूप घातले, खालचा ड्रेन उघडून झडपेमागे पाणी साचत नाही हे डोळ्यांनी पाहिले. विजेच्या बाजूने ब्रेकर काढला, आयसोलेटर उघडले, अर्थिंग केले. प्रत्येक ठिकाणी लाल पाटी लटकवली. मग शिफ्ट इन्चार्ज परमिट लिहितो, आणि ते विभागाच्या नावे देत नाही, एका माणसाच्या नावे देतो. काम संपल्यावर त्याच माणसाने माणसे मोजायची, हत्यारे मोजायची आणि स्वतःच्या सहीने परमिट परत करायचे. तो रजेवर गेला असेल तर रीतसर हस्तांतर, नाहीतर संच सुरू होणार नाही. लोड कितीही मागत असो. कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचा फोन येत असतो, संध्याकाळची मागणी चढत असते, आणि खाली एक फिटर एक पाना कमी भरतोय म्हणून सगळ्यांना थांबवून ठेवतो. त्या फिटरला तिथे कुणी घाई करत नाही. हे वळण पहिल्या पिढीने लावले, आणि माझ्या मते या केंद्राच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना आहे, जरी तिला तारीख नाही.

पोफळीच्या जुन्या आठ संचांची टर्बाइन पेल्टन जातीची. चाकाच्या परिघावर दुहेरी ओंजळीसारखी बकेट, आणि नोझलमधून सुटलेली पाण्याची धार त्यांच्या मधोमध आदळते. पावणेपाचशे मीटरवरून आलेल्या धारेचा वेग सेकंदाला साधारण 95 मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. बकेटच्या मुळाशी दर फेरीला तडाखा बसतो, मिनिटाला शेकडो वेळा, वर्षानुवर्षे. धातू थकतो. थकव्याची पहिली खूण म्हणजे मुळापाशी केसाएवढी भेग, साध्या डोळ्यांना न दिसणारी. ती वेळेत सापडली तर दुरुस्ती होते. सुटली तर एके दिवशी बकेट तुटून उडते आणि मग काय काय घेऊन जाईल ते सांगता येत नाही.

म्हणून वार्षिक ओव्हरहॉलमधला सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत जबाबदारीचा दिवस म्हणजे रनर तपासणीचा. आधी बकेट घासून, पुसून कोरडी करायची. मग तिच्यावर लाल द्राव लावायचा आणि तो भेगांत मुरेपर्यंत थांबायचे. ठरलेली मिनिटे थांबायचेच, कुणी साहेब येऊन उभा राहिला तरी. मग लाल रंग पुसून काढायचा, पण द्रावक थेट बकेटवर ओतायचा नाही, कारण भेगेतला रंगही धुऊन जाईल. कापडावर घेऊन पुसायचे. वर पांढऱ्या डेव्हलपरचा हलका फवारा. आणि मग हँडलॅम्प तिरका धरून बघत राहायचे. भेग असेल तर पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ हळूहळू उमटते. सुरुवातीला शंका वाटावी इतकी पुसट, थोड्या वेळाने ठसठशीत. जाणता तंत्रज्ञ रेघ पाहूनच सांगतो की ही वरवरची ओरखड आहे की आत गेलेली आहे. आत गेलेली असेल तर भेगेचे टोक सापडेपर्यंत घासत जायचे, बकेट तापवून घ्यायची, क्रोमियम-निकेलच्या पोलादाला जुळणाऱ्या इलेक्ट्रोडने थोडे थोडे वेल्डिंग करायचे, आणि काम झाल्यावर ग्लासवूलखाली झाकून तिला सावकाश थंड होऊ द्यायचे. नंतर टेम्प्लेट लावून बकेटची वक्रता तपासायची. एवढे करून पुन्हा लाल द्राव, पुन्हा पांढरा फवारा.

वक्रतेची एवढी चिकाटी कशासाठी, असे नवीन मुले विचारतात. त्याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून दिले. जलवर्ष 1 जूनला सुरू होते आणि 31 मेला संपते. त्या मर्यादेत जेवढी वीज काढता येईल तेवढीच आपली. एक टीएमसी पाण्यातून पावणेपाचशे मीटरच्या या उतारावर ढोबळमानाने तीन कोटी युनिट निघतात. 67.5 टीएमसीचे झाले दोनशे कोटींच्या घरात. आता नोझलची सुई झिजली, सीट खरबरीत झाली, बकेटची कड बोथट झाली आणि कार्यक्षमता एक टक्क्याने उतरली असे धरा. कुणालाही काही दिसणार नाही. संच फिरतोय, मेगावॉट मिळताहेत, आवाजही तोच. वर्षाअखेर मात्र दोन कोटी युनिट कमी झालेले असतात, आणि ते भरून काढायला पाणी नसते. औष्णिक केंद्रात कार्यक्षमता घसरली तर जादा कोळसा जाळून वेळ मारून नेता येते. इथे ती सोय नाही. लवादाने दिलेले पाणी वाढणार नाही, धरण उंचावून वाढणार नाही. टक्काभर कार्यक्षमता राखणे हीच कोयनेची नवी पाणीयोजना, आणि ती परिरक्षणाच्या हातात आहे. मला वाटते, या केंद्रातल्या प्रत्येक नव्या अभियंत्याला हा हिशेब पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने करायला लावला पाहिजे.

सुरुवातीच्या वर्षांत परिरक्षणाची रीत म्हणजे बिघाड झाला की दुरुस्ती, आणि वर्षातून एकदा सगळे उघडून पाहणे. यंत्रे परदेशी, पुस्तिका परदेशी, उभारणीसाठी आलेले तज्ज्ञ काम संपवून परतलेले. साठीच्या दशकात परकी चलनाची चणचण होती. बाहेरून सुटा भाग मागवायचा तर परवानग्यांतच महिने जात. त्यामुळे ज्यांनी उभारणीच्या वेळी तज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून काम केले होते, त्या मंडळींचे महत्त्व आपोआप वाढले. गाइड बेअरिंगचे पॅड किती अंतरावर ठेवायचे हे पुस्तिकेत असते. संच गरम झाल्यावर ते अंतर कसे बदलते आणि आपल्या संचाची खोड काय आहे, हे पुस्तिकेत नसते. प्रत्येक संचाला स्वतःची खोड असते. एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्यावरून आलेले संच एकसारखे वागत नाहीत, हे शिकायला पहिली पाच-सात वर्षे जातात.

थ्रस्ट बेअरिंगचे उदाहरण घ्या. रनर, शाफ्ट आणि रोटर यांचे शेकडो टन वजन या बेअरिंगच्या पॅडवर तोललेले असते, आणि फिरताना पॅड आणि रनर-प्लेट यांच्यामध्ये असतो तो फक्त तेलाचा थर, शतांश मिलिमीटरांत मोजावा असा. संच सुरू होताना आणि थांबताना वेग कमी असतो तेव्हा हा थर टिकत नाही, म्हणून जास्त दाबाने तेल आत घालून वजन उचलून धरावे लागते. पॅडच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी अनुभवी ऑपरेटर लॉगबुकात त्याखाली रेघ मारतो. अलार्मची वेळ अजून दूर असते. तो तापमान पाहत नसतो, तापमानाची चाल पाहत असतो. कालपेक्षा आज, गेल्या पावसाळ्यापेक्षा या पावसाळ्यात. पुढे ज्याला स्थितीआधारित परिरक्षण असे भारदस्त नाव मिळाले, त्याचे मूळ या रेघांत आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे चार वाजून गेल्यावर भूकंप झाला. कोयनानगरची घरे कोसळली, दीडशेहून अधिक माणसे गेली. केंद्र बंद पडले आणि मुंबईसह राज्याच्या मोठ्या भागाची वीज गेली. धरणाच्या खंडांना भेगा पडल्या. एपॉक्सी भरून, पोलादी केबल ताणून आणि पुढे मागच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन धरण बळकट करण्यात आले. ही कामगिरी धरण सांभाळणाऱ्या पाटबंधारे खात्याची, आणि तिची कथा इतरत्र सविस्तर आलेली आहे. वीजगृहापुरते बोलायचे तर त्या पहाटेने परिरक्षणाच्या यादीत एक कायमचे कलम घातले. हा भूभाग तेव्हापासून शांत झालेला नाही. लहान धक्के बसतच असतात. जाणवण्याजोगा धक्का बसला की तपासणीची फेरी ठरलेली : बेअरिंगचे तेल, पायाचे बोल्ट, बसबारचे आधार, बॅटरीचे रॅक, ट्रान्स्फॉर्मरचे बुशिंग. ट्रान्स्फॉर्मरवरचा बुखोल्झ रिले हा तेलात साचलेला वायू ओळखून संच वाचवणारा पहारेकरी. पण जुन्या घडणीत त्यात पाऱ्याचे संपर्क असत, आणि जमीन हलली की पारा हिंदकळून रिले खोटी हाक देऊ शके. बाकी देशात जी उपकरणे निमूट चालतात, ती भूकंपाच्या प्रदेशात वेगळ्या नजरेने निवडावी लागतात.

तिसरा टप्पा सत्तरीच्या दशकात अलोऱ्याला आला. पोफळीतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठवून ते पुन्हा एकदा खाली टाकायचे, अशी योजना. 80 मेगावॉटचे चार संच. पाणी पडण्याची उंची कमी असल्याने टर्बाइन फ्रान्सिस जातीचे. परिरक्षणाच्या दृष्टीने अलोऱ्याने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे वेगळ्या यंत्राची वेगळी दुखणी आली : पोकळीभवनाने (कॅव्हिटेशनने) रनरला पडणारे खड्डे, लॅबिरिंथ सीलची झीज, गाइड व्हेनच्या बुशांतले ढिलेपण. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. कोळकेवाडीचा साठा लहान. पोफळीचे संच भरात चालले आणि अलोऱ्याचे बंद राहिले, तर तो तलाव भरतो आणि पाणी वीज न करताच सोडावे लागते. म्हणजे अलोऱ्याचा ओव्हरहॉल अलोऱ्याच्या सोयीने ठरत नाही. वरच्या संचांची उपलब्धता, जलवर्षात उरलेले पाणी, राज्याची मागणी आणि सुट्या भागांची आवक यांचा मेळ घालून तो बसवावा लागतो. ओव्हरहॉलचे वार्षिक वेळापत्रक लावणारा अभियंता खुर्चीत बसून काम करतो म्हणून त्याचे श्रम कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण एका संचाचे काम आठ दिवस लांबले की पुढच्या साऱ्या संचांची रांग सरकते, आणि शेवटचा संच ऐन उन्हाळ्याच्या मागणीत उघडा पडतो.

चौथ्या टप्प्याने केंद्राचा आकार दुप्पट केला. 250 मेगावॉटचे चार संच, तेही भूमिगत, आणि एवढ्या उंचीवरही फ्रान्सिस टर्बाइन. पाणी घेण्यासाठी जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडवला, तो 13 मार्च 1999 रोजी. जलाशयाची पातळी आणखी खाली गेल्यावरही पाणी घेता यावे म्हणून 25 एप्रिल 2012 ला असाच दुसरा स्फोट झाला. या दोन्ही घटना आपल्या अभियंत्यांच्या धाडसाच्या आहेत. परिरक्षणाला त्यातून जे काम मिळाले ते पुढे कायम चालणारे : खोल पाण्यातल्या जाळ्या आणि दरवाजे, ज्यांच्यापर्यंत सहज पोहोचता येत नाही, आणि 400 केव्हीची उपकरणे. एवढ्या मोठ्या संचात एक तासाची अकारण बंदी म्हणजे अडीच लाख युनिटांची खोट, तीही संध्याकाळच्या मागणीच्या वेळी, कारण चौथा टप्पा मुळात त्या वेळेसाठीच बांधला आहे.

याच काळात तपासणीची साधने बदलली. ट्रान्स्फॉर्मर न उघडता त्याच्या तेलात विरघळलेले वायू मोजून आत काय चालले आहे ते ओळखता येऊ लागले. ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणगी पडते आहे. इथिलीन वाढला तर कुठेतरी धातू तापतो आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागदाचे इन्सुलेशन जळते आहे. कंपने मोजणारे सेन्सर शाफ्टवर बसले. जुने यांत्रिक गव्हर्नर जाऊन अंकीय आले. लॉगबुकातले आकडे पडद्यावर उमटू लागले, कामाचे आदेश आणि भांडारातला साठा संगणकात गेला. ही सगळी प्रगती चांगली आहे आणि ती हवी होती. माझे एकच म्हणणे आहे. तासातासाला गेजपाशी जाऊन आकडा लिहिणारा ऑपरेटर आकड्याबरोबर वासही घेत होता, तेलाचा थेंब पाहत होता, कव्हरवर हात ठेवत होता. सेन्सर जिथे बसवला तिथलेच सांगतो. म्हणून पडद्यावर सगळे हिरवे असले तरी गुहेतली पायी फेरी बंद होऊ देऊ नये. ती बंद पडू नये म्हणून ज्या वरिष्ठांनी आग्रह धरला, त्यांचे ऋण मोठे आहे.

दोन ठिकाणांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण पाहुण्यांना ती कधी दाखवली जात नाहीत. पहिले म्हणजे गळतीचे पाणी उपसणारे पंप. भूमिगत वीजगृहाला आगीइतकीच भीती पाण्याची. खडकातून पाझरणारे पाणी, सीलमधून ठिबकणारे पाणी, कूलिंगचे पाणी, सगळे गुहेच्या तळाच्या संपमध्ये जमा होते आणि पंपांनी उचलून बाहेर टाकावे लागते. पंप एक चालू, एक तयार, एक राखीव. फ्लोट स्विच अडकला, चेक व्हॉल्व्ह गळला, एवढ्याशा कारणाने तळमजल्यावर पाणी चढू शकते. पावसाळ्यात, नवजाच्या बाजूला दिवसेंदिवस आभाळ फाटलेले असताना, या पंपांपाशी बसलेला हेल्पर साऱ्या केंद्राची राखण करत असतो.

दुसरे ठिकाण बॅटरी रूम. ग्रिड पूर्ण कोसळली तर औष्णिक केंद्राला स्वतःच्या पंखे-पंपांसाठीसुद्धा बाहेरून वीज लागते. जलविद्युत संच मात्र बॅटरी आणि छोट्या डिझेल जनित्राच्या बळावर उठू शकतो आणि मग इतरांना उठवतो. अंधारातून राज्य वर काढण्याची ही क्षमता शेवटी त्या काचेच्या-प्लॅस्टिकच्या सेलच्या रांगेवर अवलंबून असते. प्रत्येक सेलची विशिष्ट घनता, व्होल्टेज, टर्मिनलवरची पांढरी बुरशी, शुद्ध पाण्याची पातळी. महिनोन्महिने हे आकडे जवळजवळ तेच येतात. तरीही ते खरे मोजून लिहायचे, कालचे पाहून उतरवायचे नाहीत, ही शिस्त ज्याच्या अंगी आहे तो माणूस लाखमोलाचा.

माणसे कोकणातली आणि घाटावरची, दोन्हीकडची. आयटीआय करून शिकाऊ म्हणून आलेली आणि इथेच निवृत्त झालेली. पोफळी, अलोरे, कोयनानगर इथल्या वसाहतींत मुले वाढली, शिकली, त्यांतली काही याच गुहेत कामाला आली. रात्रपाळीला जाणाऱ्याला गुहेत शिरल्यावर बाहेर पाऊस आहे की चांदणे हे सकाळी बाहेर येईपर्यंत कळत नाही. घरी आजारी माणूस असेल तर निरोप कंट्रोल रूमच्या फोनवर. घरच्या मंडळींनी हे वर्षानुवर्षे सोसले. आता कायम पदे कमी झाली आहेत. साफसफाई, रंगकाम, मचाण बांधणे, पंपांची दुरुस्ती अशी पुष्कळ कामे कंत्राटी पद्धतीने होतात. ओव्हरहॉलला येणारे कंत्राटी कामगार अनेकदा दरवर्षी तेच असतात, त्यांना संचाची खोड माहीत असते, आणि तरी कागदावर ते दरवर्षी नवे असतात. त्यांच्या कौशल्याची नोंद, त्यांचे प्रशिक्षण, परमिट पद्धतीतले त्यांचे स्थान आणि त्यांच्या मजुरीची वाजवी वाढ याबाबतीत साऱ्या वीज उद्योगाला अजून बरेच करायचे आहे. टर्बाइन पिटमध्ये उतरणाऱ्याचा जीव हजेरीपटाच्या रंगावरून वेगळा ठरत नाही.

आणखी एक परिरक्षक आहे, तो आपल्या आस्थापनेवर नाही. हिमालयातल्या नद्यांवरची वीज केंद्रे गारगोटीच्या वाळूने हैराण असतात. पाण्याबरोबर येणारी ती वाळू रनर आणि नोझल काही मोसमांत खाऊन टाकते. कोयनेला ती पीडा नाही. शिवसागर खोल आहे, गाळ आधीच बसतो, आणि पाणलोटावर जंगल आहे. कोयना अभयारण्य आणि त्याला सामावून घेणारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प हे वन्यजिवांसाठी आहेतच, पण पोफळीच्या बकेट इतकी वर्षे टिकल्या त्यातही त्या जंगलाचा वाटा आहे. पाणलोटातली झाडे तुटू देणे म्हणजे आपल्या नोझलमध्ये स्वतःच्या हाताने वाळू टाकणे.

आज काम पुन्हा बदलते आहे. राज्यात सौरऊर्जा वाढली. दुपारी ती भरपूर, सूर्य कलला की एकदम कमी. ती दरी भरून काढायला मिनिटांत उठणारे संच लागतात, आणि असे संच मुख्यतः जलविद्युत केंद्रात असतात. त्यामुळे संचांचा चालू-बंद होण्याचा क्रम वाढत जातो. प्रत्येक वेळी स्टेटरचे तांबे तापून फुगते, थांबल्यावर निवून आकसते. खाचांतल्या पाचरी त्याने सैल होतात. पाचर सैल झाली की बार थरथरतो, इन्सुलेशन घासते, आणि एके दिवशी वाइंडिंग जाते. नरम हातोडीने पाचरीवर टकटक करून आवाजावरून ती घट्ट आहे की सैल हे ओळखण्याची चाचणी फार जुनी आहे. फक्त ती किती दिवसांनी करायची याचे गणित आजवर चालू तासांवर बांधलेले होते. ते आता किती वेळा सुरू झाला यावर बांधायला हवे. जुन्या पोफळीच्या संचांसाठी असा हिशेब संचागणिक वेगळा निघणार, कारण कोणाचे वाइंडिंग कधी बदलले, कोणाच्या पाचरी कधी नव्या घातल्या, हे प्रत्येकाचे निराळे. त्याची माहिती जुन्या ओव्हरहॉल अहवालांत आहे. ते अहवाल कपाटांतून काढून, पाने वाळवून, संचवार लावण्याचे काम हाती घ्यायला हवे. ज्या निवृत्त सहकाऱ्यांकडे स्वतःच्या नोंदवह्या असतील त्यांनी त्या केंद्राकडे द्याव्यात, निदान पाहायला द्याव्यात. बेअरिंगच्या अंतरांचे आणि पाचरींचे जुने आकडे आज सर्वांत जास्त लागणार आहेत.